कधी वापरू नये

विश्रामबाग, सांगली
१२ एप्रिल

आई,

काल पायगोंडा काका येऊन गेले. दारात चप्पल काढता काढताच म्हणाले, "तिरशला, फलटणला जाऊन आलो बग. तुजी आई बरी हाय. म्हाराजांनी तिच्या दीक्षेचं मनावर घेतलंय. पर घरच्यांनी व्हय म्हटल्याबिगर द्यायची न्हाई म्हणालेत. आन घरचं म्हंजे आता तूच की गं एकली."

मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, आईने माझ्यासाठी आणखी काही सांगितलंय का?

"आनि काय सांगणार? 'तिला म्हाईतच हाय की,' म्हणाली."

आई, मला माहीत नाही.

हे तुझं जन्माचं पालुपद आहे. आमटीत चिंच किती घालू विचारलं की, तुला म्हाईतच हाय की. अण्णांचं दुखणं कुठवर गेलंय विचारलं तेव्हाही, तुला म्हाईतच हाय की. आणि अण्णांना जाऊन वर्ष झाल्यावर, महाराजांचा संघ आपल्या जैन बस्तीतून निघाला त्या सकाळी, तू पांढरी साडी नेसून म्हणालीस, "माधवनगरपातूर सोडून येते." महाराज पायी विहाराला निघाले की सगळेच जातात चार पावलं सोबत, म्हणून मीही काही विचारलं नाही. ओट्यावर तू मूग भिजत घातले होतेस. मूग भिजत घालून कुणी घर सोडतं का? मुगाला मोड आले, तू आली नाहीस. दोन वर्षं झाली. फोनचाही त्याग केलास, म्हणून ही पत्रं. संघ असेल तिथल्या बस्तीच्या उपाध्यांच्या पत्त्यावर पाठवते, तुला मिळतात एवढं काका सांगतात.

तेव्हा संमतीचं असं आहे. मी हो म्हणेन. माझी अट एकच. मला सोडून जाताना तुला काय वाटलं ते एकदा शब्दांत सांग. चांगलं सांग, वाईट सांग, काहीच वाटलं नाही असं सांगितलंस तरी चालेल. पण सांग. तोपर्यंत दीक्षा नाही. महाराजांना कळव, मुलगी हट्टी आहे, आईवर गेलीय.

आता माझं काम ऐक, कारण ते विचारणारं दुसरं कुणी नाही.

आमच्या कंपनीने बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी एक एआय एजंट केलाय. न दिसणारा कारकून समज. शेतकरी फोनवर बोलतो, माझ्या पेट्या किती शिल्लक आहेत, नमुना काढून ठेव, अमक्या दिवशी गाडी लाव, आणि हा कारकून ते करून मोकळा होतो. पण त्याला स्वतःचे हात नाहीत, हात आम्ही देतो. साठा बघायचं एक टूल, नमुना काढायचं एक, गेटपास बनवायचं एक, अशी बरीच आहेत. कोणतं टूल कधी उचलायचं हे तो प्रत्येक टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. ती वर्णनं लिहिण्याचं काम माझं.

तुझ्या फडताळातले स्टीलचे डबे आठव. सगळे सारखे, एकावरही चिठ्ठी नाही. तू डोळे झाकून हवा तो डबा काढायचीस. तू गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी वरणात मीठ समजून पापडखार घातला होता. एजंट म्हणजे त्या आठवड्यातली मी. हुशार, कामसू, आणि घरातलं काहीही माहीत नसलेली. म्हणून प्रत्येक डब्यावर लिहावं लागतं की आत काय आहे, कशासाठी आहे, किती घालायचं.

मलकापूरची एक मुलगी आमच्याकडे आहे, उत्कर्षा. टूल बांधायचं काम तिचं. माझी लांबलचक वर्णनं वाचून ती परवा म्हणाली, "ताई, टूलचं वर्णन लिहिताय का स्थळ सुचवताय? मुलगी गृहकृत्यदक्ष एवढंच राहिलंय." मी हसले. नंतर वाटलं, माझं वर्णन कुणी नीट लिहिलं असतं तर एव्हाना लग्न तरी झालं असतं.

उत्तराची वाट बघते.

त्रिशला


विश्रामबाग
५ मे

आई,

पायगोंडा काकांचा बेदाणा मी काळा केला.

म्हणजे मी हात लावला नाही. मी फक्त एक वाक्य लिहिलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायला मी वाक्य मागते आहे आणि माझ्या एका वाक्याने काय केलं ते बघ.

काकांनी गेल्या आठवड्यात फोनवर आपल्या भाषेत सांगितलं, "उद्याच्या सौद्याला माजा माल लाव बाबा." आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की सौद्याला माल लावायचा म्हणजे नमुन्याची पेटी न्यायची. व्यापारी ती फोडून बघतात, दर ठरतो, आणि मग बाकीचा माल थंडगार खोलीतून हलतो. गेटपासच्या टूलला मी लिहिलं होतं, "शेतकऱ्याचा माल सौद्यासाठी बाहेर काढायचा असल्यास हे टूल वापरा." आणि नमुन्याच्या टूलला लिहिलं होतं, "नमुना काढण्यासाठी." काकांनी नमुना हा शब्द उच्चारला नव्हता. एजंटने सौदा ऐकलं, माल ऐकलं आणि गेटपास फाडला. सगळ्या मालाचा. गेटवरच्या माणसाने पास बघितला, हमालांनी गाड्या भरल्या. वर एजंटने काकांना अदबीने कळवलं, "आपला माल सौद्यासाठी पाठवला आहे." काका खूश, म्हणाले झकास पोरगं हाय तुमचं.

वैशाखातलं ऊन. मार्केट यार्डात उतरायला जागा नाही, गाड्या दिवसभर रस्त्यावर उभ्या. हिरवागार बेदाणा तांबूस झाला, मग काळपट. कंपनीने काकांचं काय ते भागवलं, पण वर्षभर जपलेल्या बागेचा माल असा बघणं म्हणजे काय असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

ते ऑफिसात आले. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत बसले.

"आगं, तुला म्हाईत न्हवतं व्हय? तुज्या अण्णाचा बेदाणा न्हाई का जात हुता सौद्याला?"

"माहीत होतं काका," मी म्हटलं. "म्हणून तर लिहायचं राहिलं."

पुण्यातल्या कुणी वर्णन लिहिलं असतं तर त्याने दहा वेळा विचारलं असतं की सौद्याला नेमकं काय जातं. आणि मी पडले सांगलीची, बेदाण्याच्या घरातली. जे रक्तात असतं ते कागदावर उतरत नाही. मान खाली घालून मी त्यांच्यासमोर रडले. काका घाबरले, म्हणाले, "रडू नगंस, गोडीला कमी न्हाई झालेला. नुसता रंग गेलाय."

ते उद्या फलटणला येतायत, हे पत्र त्यांच्याजवळच देते. त्यांना नीट जेवायला घाल. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ दे.

त्रिशला


विश्रामबाग
२४ मे

आई,

काका परत आले. मी विचारलं, पत्र वाचलं का तिने? वाचलं म्हणाले. दोनदा वाचलं. मग घडी घातली म्हणाले. मग?

"मग म्हणाली, 'काळा पडलेला बेदाणा टाकू नका म्हणावं. धुऊन, सावलीत सुकवून डब्यात भरून ठेव म्हणावं तिला.'"

झालं. दोन वर्षांनी आईचा निरोप आला तो बेदाण्याबद्दल.

मला इतका राग आला की मी त्या दिवशी ऑफिसातली सगळी वर्णनं फाडून नव्याने लिहायला काढली. आता गेटपासच्या टूलवर असं आहे: "हे टूल साठ्यातला पूर्ण माल कोल्ड स्टोरेजच्या बाहेर काढते. दर ठरून व्यापाऱ्याचे नाव कळल्यावरच वापरावे. कधी वापरू नये: शेतकरी 'सौद्याला लाव' एवढेच म्हणाला असेल तर वापरू नये, त्याचा अर्थ फक्त नमुना असतो, त्यासाठी नमुन्याचे टूल आहे. शंका असल्यास आधी शेतकऱ्याला विचारावे. बाहेर पडलेला माल परत आत घेता येत नाही." उत्कर्षाने वाचलं आणि पहिल्यांदा चेष्टा केली नाही. म्हणाली, "ताई, हे 'कधी वापरू नये' सगळीकडे घालूया." आता आमच्या प्रत्येक वर्णनात ते असतं. काय करतं हे कुणीही लिहितं. कधी हात लावायचा नाही, हे लिहायला स्वतःचं नुकसान व्हावं लागतं.

मग घरी येऊन मी तुझी संमतीही तशीच लिहून काढली. वाच.

संमती. काय करते: आईला कायमची माताजी, म्हणजे साध्वी करते. कोणी द्यावी: मुलीने. कधी वापरावी: आई सुखात असेल, आणि मुलगीही. कधी वापरू नये: मुलगी रोज दिवस मावळायच्या आत ऑफिसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच डबा खात असेल तर. घरात दोन ताटल्या असून एकच विसळावी लागत असेल तर. सणाला कुणाला फोन करावा हे सुचत नसेल तर. परिणाम: परत घेता येत नाही.

या वर्णनाप्रमाणे मी ती वापरू शकत नाही. माझं उत्तर नाही असं आहे. महाराजांना सांग.

त्रिशला


विश्रामबाग
९ जून

आई,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी परत काढून घ्यावंसं वाटलं. पोस्टाच्या पेटीला ते टूल नाही.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तू हसशील. गेल्या आठवड्यात मी एजंटची परीक्षा घेत बसले होते. नवी वर्णनं घातल्यावर त्याला उलटसुलट प्रश्न विचारून बघायचे असतात, म्हणजे कुठे घसरतो ते कळतं. सगळं नीट करत होता. उत्कर्षा गावी गेलेली, ऑफिसात मी एकटी. माझ्याकडून सहज लिहिलं गेलं, "जेवलास का?"

तो म्हणाला, "यासाठी माझ्याकडे कोणतेही टूल नाही. साठा, नमुना किंवा गेटपासबद्दल मदत करू शकतो."

मीच त्याला तसं शिकवलंय. नाहीतर पूर्वी काय व्हायचं सांगते. त्याच्याकडे नसलेलं काही मागितलं की तो नाही म्हणायचा नाही. जे त्यातल्या त्यात जवळचं टूल असेल ते उचलायचा. एका बाईने विचारलं होतं, माझे यजमान यार्डातून निघाले का? तर त्याने तिला तिच्या शिल्लक पेट्यांचा आकडा दिला. तिला माणूस हवा होता, त्याच्याकडे पेट्याच होत्या. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

या वेळी हसू आलं नाही. मला तुझा निरोप आठवला.

मी तुझ्याकडे एक वाक्य मागत होते आणि तुझ्याकडे ते वाक्य बोलायचं साधनच नाही. अण्णांशीही तू कधी बोलली नाहीस तसं. ते दवाखान्यात होते तेव्हा तू त्यांची नखं कापत बसायचीस. तुला जे सांगायचं होतं त्याच्या जवळचं जे हाताशी होतं ते तू माझ्याकडे पाठवलंस. धुऊन, सावलीत सुकवून, डब्यात भरून ठेव. माझी आई मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार होती? मी मेली वर्णनं लिहून पोट भरते आणि मला घरातलंच कळलं नाही.

हे मला खात्रीने माहीत नाही. कदाचित तुला खरंच फक्त बेदाण्याची काळजी असेल. पण नसलेलं मागून तुला आणखी किती अडवून धरू?

माझं उत्तर हो आहे. मी फलटणला येते.

बेदाणा धुऊन भरून ठेवलाय. काकांनी माझ्या वाटणीचा दिला.

तुझी
त्रिशला


विश्रामबाग
३० जून

(मायना काय लिहू ते कळत नाही, म्हणून मोकळा सोडते.)

दीक्षेच्या मंडपात मी दुसऱ्या रांगेत होते, तुम्हाला दिसले असेन. सकाळपासून केशलोच चालला होता, एकेक बट हाताने उपटत. तुमचे केस माझ्यासारखेच चिवट आहेत. तुम्ही हूं की चूं केलं नाही. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "केवडं भाग्य." मी म्हटलं, हो.

महाराजांनी माइकवर विचारलं, "बाळ, तुझी संमती आहे का? मनात काही ठेवू नको." मी गाडीत बसल्यापासून चार वाक्यं घोकली होती. तोंडातून एकच शब्द निघाला, आहे. सगळ्यांनी जयजयकार केला. मग तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडून क्षमा मागत फिरलात. काकांची मागितली, उपाध्यांची मागितली, माझ्यासमोर आलात आणि तेच शब्द म्हणालात जे सगळ्यांना म्हणाला होतात. मीही तेच म्हणाले. रीतच आहे ती.

मग तुमचं नवं नाव पुकारलं. मला ते अजून लिहवत नाही, सवय होईल.

येताना साताऱ्याकडून आले. एसटीत खिडकीशी बसले होते. बाजूच्या माणसाने विचारलं, फलटणला कुणाकडे? मी म्हटलं, आईकडे. चुकलंच ते.

त्रिशला


विश्रामबाग, सांगली
१८ नोव्हेंबर

माताजी, वंदामि.

मी दहिवडीहून पोहोचले. हे पत्र तुम्ही स्वतः वाचावं, उपाध्यांना वाचून दाखवू देऊ नये, एवढी विनंती.

चातुर्मास संपून संघ माण तालुक्यातून पुढे जाणार, आणि दहिवडीत आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी, हे काकांकडून कळल्यावर मी रजा टाकली. पहिल्यांदाच चौका लावणार होते, तुमच्या आहाराचा स्वयंपाक माझ्या हाताने. तिथल्याच आपल्यातल्या प्रियदर्शनीने तिची मागची खोली दिली. तिचा नवरा मुंबईला दुकानात असतो, वर्षातून दोनदा येतो, घरात ती एकटीच. विहिरीचं पाणी गाळून उकळणं, धान्य निवडणं, सोवळ्याची साडी, सगळं तिने शिकवलं. मी तिला पहिल्याच दिवशी दुखावलं. ती दारात माझ्याशेजारी उभी राहायला आली, तर मी म्हटलं, "तुम्ही आत थांबा. माझी आई आहे. मी एकटीच उभी राहीन." ती बिचारी आत गेली.

काकांनी समजावून सांगितलं होतं की माताजी मनात एक विधी, म्हणजे एक अट, धरून आहाराला निघतात. कुणी नारळ घेऊन उभं असेल तर, कुणाच्या हातात अमुक फळ असेल तर. तो जुळला तरच थांबायचं, नाही जुळला तर त्या दिवशी उपास. आणि विधी काय हे कुणाला सांगायचं नाही, दारात उभ्या असलेल्यांनी अंदाज करायचा.

मला हसूच आलं. आयुष्यभर मी एकच ओरडते आहे की अंदाजाने काम करायला लावू नका, काय हवं ते लिहा. आणि माझ्या आईला जेवू घालायचं ते नेमकं अंदाजाने.

पण मला वाटलं, मला तर माहीत असणारच. रात्रभर विचार केला. अण्णांना डाळिंब आवडायचं, डाळिंब आणवलं. आपल्या घरचा पितळी कलश सांगलीहून आणला होताच. सकाळी डाळिंब, कलश, वर नारळ, सगळं घेऊन दारात उभी राहिले. एकटी. तुम्ही मोरपिसांची पिंछी घेऊन, आहाराच्या मुद्रेत खांद्याला हात लावून गल्लीतून आलात. किती बारीक झालात. मी म्हटलं, "वंदामि माताजी, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." तुम्ही माझ्याकडे बघितलं, कलशाकडे बघितलं, आणि पुढे गेलात. पुढच्या दारातही नाही थांबलात, त्याच्या पुढच्याही नाही. तशाच परत बस्तीत गेलात. दिवसातून एकदाच पाणी घेणारी बाई, माणचं ते कोरडं ऊन, आणि माझ्या अंदाजापायी तुम्ही तहानलेल्या राहिलात. मी डाळिंब कोपऱ्यात ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यात काही ठरवायचं त्राण नव्हतं. नुसता कलश घेऊन दारात गेले. प्रियदर्शनी आतून तिचा तांब्या घेऊन आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आज हाकललंस तरी न्हाई जायाची. काल एकली हुबी हुतीस, बगवंना मला." मी सरकून तिला जागा दिली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तुम्ही आलात. आणि थांबलात.

आम्ही प्रदक्षिणा घातल्या, पाटावर बसवलं, पाय धुतले. काकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "काय बी झालं तरी रडायचं न्हाई. डोळ्यातनं पानी आलं की अंतराय. माताजी तिथंच ओंजळ सोडणार, मग दिसभर पान्याचा थेंब न्हाई. केस सापडला, किडा सापडला, तसंच अश्रूचंबी हाय." मी ओठ चावून म्हटलं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. एक शब्द चुकला नाही. अशी सगळी वाक्यं मला तोंडपाठ असतात.

आधी पाणी दिलं. तुमच्या ओंजळीखाली मी एका हाताने ताट धरलं होतं. मग गडूतून बेदाण्याचं पाणी दिलं. तो काळा पडलेला बेदाणा, धुतलेला, सावलीत सुकवलेला, मी सकाळी उकळून गाळला होता. तुम्ही पहिला घोट घेतला आणि तो कसला ते तुम्हाला कळलं. वर बघितलंत नाही. दुसरा घोट घेतलात. मी आत जीभ चावून धरली होती, डोळे कोरडे ठाक. मी जिंकले असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या वेळी मी गडू अजून कलवलाही नव्हता, तेवढ्यात तुमच्या ओंजळीत एक थेंब पडला. तो माझ्या गडूतला नव्हता.

तुम्ही ओंजळ सोडली.

सगळे धावले. कुणी ताट उजेडात नेलं, काकांनी गाळणं उलटं करून बघितलं, केस आहे का, मुंगी आहे का. एक बाई मागून म्हणाली, "नीट बगून करावं की, शिकलेल्या हाईत न्हवं." मी म्हटलं, "माझाच केस असेल. चुकलं." तुम्ही हात धुताना मान वर केली नाही. जाताना काकांनी विचारलं, "माताजी, विधी काय हुता?"

"दोघी शेजारी शेजारी उभ्या असतील तर थांबायचं होतं."

"आन काल?"

"कालही तोच."

तेवढं बोलून तुम्ही गेलात. काका म्हणाले साधा विधी आहे, पुष्कळजण घेतात. असेलही साधा. मी काही विचारणार नाही. दुपारी प्रियदर्शनी आणि मी दोघींनीही काही खाल्लं नाही. दिवस मावळायच्या आधी तिने तव्यावर दोन भाकऱ्या टाकल्या, एक माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "खा. त्यांनी काय उपाशी ठेवाय हुबं न्हाई केलं दोगींना." ती आता दर रविवारी फोन करते.

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. त्यासाठी तुम्ही दोन दिवस उपाशी राहिलात, एवढं महाग मी मागितलं नव्हतं.

आता माझं ऐका. जे सगळ्यांना माहीत असतं तेच लिहायचं राहून जातं, आणि तिथेच नुकसान होतं, हे मी काकांच्या बेदाण्यावर शिकले. म्हणून एकदा लिहून ठेवते. मला तुझी आठवण येते, आई. रोज येते. मी रागावलेली नाही.

आणि हेही लिहून ठेवते, कारण वर्णन अर्धं ठेवायचं नसतं. कधी वापरू नये: माझ्या हातचं पाणी, तुझ्या ओंजळीसाठी. संघ आता म्हसवडकडे जाणार असं काका म्हणाले. त्यांनी मला विचारलं, येतेस का चौक्याला? मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी त्या बाईच्या बोलण्याने दुखावले.

पुढच्या गावी मी दारात नसेन. पोटभर जेव.

त्रिशला